तळहातावरचा समुद्र

गणपतीपुळ्याला येणारी माणसे बहुतेक डोळ्यांसाठी येतात. पांढरी वाळू, पश्चिमेकडे तोंड करून बसलेला स्वयंभू गणपती, मावळतीला देवळासमोर पसरणारे तांबूस ऊन. हे सारे डोळे भरून पाहायचे, उकडीचे मोदक खायचे आणि परतीची गाडी धरायची. मला मात्र इथला डोंगर आणि समुद्र ज्या माणसाने ओळखून दिला, त्याला दिसत नव्हते. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि जाताना त्याचे डोळे घेऊन गेल्या.

१९८८ साली माझी बदली या किनाऱ्यावरच्या एका शाखेत झाली, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा अधिकारी होतो. ते आमचे खातेदार. पेटी शिकवत, कीर्तनाला साथ करत. आसपासच्या चार गावांत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मीही इथे तेवढेच म्हणतो.

पुळ्याला डोंगरच देव मानला आहे, म्हणून प्रदक्षिणा देवळाभोवती नसते, डोंगराभोवती असते. साधारण एक किलोमीटरची वाट. एका संकष्टीला गुरुजी मला त्या वाटेने घेऊन गेले. मी त्यांना नेले नाही, त्यांनी मला नेले. निघताना डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला. पुढे वाट डोंगरामागे वळली, तशी कुणी दार ओढून घ्यावे तशी गाज मंद झाली आणि आमच्याच पावलांचा आवाज कातळावरून परत येऊ लागला. मग वळसा संपत आला तसा समुद्र पुन्हा हळूहळू मोठा होत गेला. हे सारे माझ्या कानांवर आधीही पडत असणार, पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा ऐकले.

त्याच महिन्यात गुरुजी बँकेत आले आणि त्यांनी चेकबुक मागितले. ते सही करत. एका जाड पुठ्ठ्याला आयताकृती खिडकी कापलेली होती. ती कागदावर ठेवून, डाव्या हाताच्या बोटाने तिची कड धरून ते उजव्या हाताने झोकात नाव लिहीत. मी दोन सह्या ताडून पाहिल्या. माझ्या सहीपेक्षा त्यांची सही स्थिर होती. तरीही मी नाही म्हटले. अंध खातेदाराला चेकबुक न देण्याचा प्रघात होता. पैसे काढायचे तर जातीने यावे, साक्षीदार आणावा. मी नवखा होतो, प्रघातालाच नियम समजत होतो. गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की हेलन केलर यांची सही तुमच्या बँकेत चालली असती का?

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर हेलन केलर म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक धडा, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. गुरुजींना होते. १९५५ साली हेलन केलर भारतात आल्या, मुंबईतही आल्या. तेव्हा गुरुजी अकरा वर्षांचे होते आणि मुंबईतल्या अंध मुलांच्या एका शाळेत शिकत होते. सभेला जाण्याच्या दिवशी त्यांना ताप भरला आणि ते वसतिगृहातच राहिले. ती हुकलेली भेट त्यांनी जन्मभर जपली. त्यांच्या त्या प्रश्नामुळे मी हेलन केलर वाचू लागलो, तो अजून वाचतोच आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या लहानशा गावचा. वडील सैन्यातले निवृत्त कॅप्टन, घर खाऊनपिऊन सुखी. एकोणीस महिन्यांची असताना तिला कसलासा जबर ताप आला. ताप उतरला, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग त्यांच्या लक्षात आले की मूल दिव्याकडे पाहत नाही आणि घंटा वाजली तरी वळत नाही.

योगायोग पाहा. ज्या वर्षी ती जन्मली त्याच १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स सम्नर टेंटर यांनी फोटोफोन नावाचे यंत्र बनवले. टेलिफोन तारेवरून बोलतो, हे यंत्र उजेडाच्या किरणावरून बोलत असे. त्याच्या पोटात सेलेनियम होते. या मूलद्रव्यावर उजेड पडला की त्यातून वीज अधिक सहज वाहते, अंधार झाला की अडते. हा गुण १८७३ मध्ये ध्यानात आला होता. उजेडाचे आवाजात रूपांतर करता येते, असा त्याचा अर्थ. ज्याला दिसत नाही त्याला उजेड ऐकवता येईल, ही कल्पना पुढच्या शंभर वर्षांतल्या अनेक यंत्रांच्या मुळाशी आहे.

आणि हेच बेल पुढे हेलनच्या आयुष्यात आले. त्यांची आई बहिरी, पत्नी बहिरी. बहिऱ्या मुलांना शिकवणे हे त्यांचे जन्माचे काम होते. १८८६ मध्ये हेलनचे वडील सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. बेलनी तिला मांडीवर घेतले आणि आपले ठोके देणारे घड्याळ तिच्या हातात दिले. ते थरथरले, ती हसली. तिच्या हाताशी यंत्र बोलल्याची ही फार जुनी नोंद आहे. बेलनी बोस्टनच्या पर्किन्स या अंधशाळेचे नाव सुचवले, आणि तिथून ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हान टस्कंबियाला आली.

ॲन तेव्हा वीस वर्षांची. स्वतः अनाथालयासारख्या गरीबघरात वाढलेली, खुपऱ्यांनी डोळे अधू झालेली, शस्त्रक्रियांनंतर कसेबसे वाचू लागलेली. तिने हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढायला सुरुवात केली. महिनाभर तो निव्वळ खेळ होता. मग ५ एप्रिलला पंपाच्या धारेखाली एक हात धरलेला असताना दुसऱ्या हातावर पाण्याची अक्षरे उमटली आणि या दोन गोष्टी एकच आहेत हे त्या मुलीच्या मनात लख्ख झाले. ही कथा जगाला पाठ आहे. नाटक झाले, १९६२ मध्ये चित्रपट झाला, २००५ मध्ये आपल्याकडे ‘ब्लॅक’ आला. पण बहुतेक कथा पंपापाशीच थांबतात. हेलनचे आयुष्य त्यानंतर एक्क्याऐंशी वर्षे चालू होते.

त्यातला पहिला मोठा घाव अकराव्या वर्षी बसला. तिने लिहून भेट दिलेली एक गोष्ट दुसऱ्या लेखिकेच्या गोष्टीशी मिळतीजुळती निघाली. कधीतरी तळहातावर वाचली गेलेली ती गोष्ट तिच्या मनात रुजली होती आणि आपलीच म्हणून उगवली होती. पर्किन्समध्ये मोठ्या माणसांच्या समितीपुढे त्या पोरीची चौकशी झाली. ॲनला बाहेर ठेवले गेले. तिने पुन्हा कधी कथा लिहिली नाही. हे स्वतःचे लिहिले आहेस कशावरून, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला. काउंटरच्या पलीकडून मी गुरुजींना वेगळे काय विचारले होते?

ती शिकत राहिली. बोलायला शिकली. समोरच्याच्या गळ्यावर अंगठा, ओठांवर आणि नाकपुडीवर बोटे ठेवून त्याचे बोलणे ओळखू लागली. खाचा पाडलेल्या फळीवर कागद ठेवून पेन्सिलीने चौकोनी वळणाचे अक्षर काढू लागली. तिची सही त्याच अक्षरात आहे. आणि ती टाइपरायटरवर बसली. पण टाइप केलेले स्वतःला वाचता येत नसे. ते कुणीतरी पुन्हा तिच्या हातावर वाचून दाखवायचे.

ब्रेलचीही तेव्हा एक गंमत होती, गंमत कसली, छळच. एकट्या अमेरिकेत ठिपक्यांच्या तीन लिप्या एकमेकींशी भांडत होत्या. प्रत्येक शाळेचा आणि प्रत्येक छापखान्याचा अभिमान वेगळा. १८९९ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला बीजगणिताची प्रश्नपत्रिका हेलनच्या हाती पडायची होती, ती अमेरिकन ब्रेलमध्ये. तिला गणिताची चिन्हे येत होती ती इंग्रजी ब्रेलमधली. परीक्षेच्या दोन दिवस आधी हे कळले. चिन्हे पाठ करत, गोंधळत, ती उत्तीर्ण झाली. इंग्रजी ब्रेलवर दोन्ही देशांचे एकमत व्हायला १९३२ साल उजाडले. आपण हसायचे कारण नाही. आपल्याकडेही भाषेभाषेच्या आणि मिशनमिशनच्या निरनिराळ्या ठिपकेलिप्या होत्या. सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये.

१९०४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अंध-बधिर व्यक्तीने बी. ए. होण्याची ती जगातली पहिली वेळ. त्याआधीच, १९०३ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. ते त्यांनी ग्रॅहॅम बेल यांना अर्पण केले. इथून पुढे मी त्यांना हेलनबाई म्हणतो. नाहीतर त्या आपल्याला कायम पंपाजवळच्या सहा वर्षांच्या पोरीच वाटत राहतील.

हेलनबाई साध्यासुध्या संत नव्हत्या. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढल्या. गिरण्या-कारखान्यांतली गरिबी किती जणांचे डोळे घेते, हे त्या सांगू लागल्या, तेव्हा कालपर्यंत त्यांचे कौतुक करणारी वृत्तपत्रे त्यांच्या अपंगत्वाकडे बोट दाखवू लागली. पैशांची ओढ होतीच. १९२० नंतर काही वर्षे त्या आणि ॲन रंगमंचावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत कसरतवाल्यांच्या आणि गवयांच्या मध्ये वीस-वीस मिनिटे उभ्या राहिल्या, प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कष्टाचे पैसे होते.

१९१६ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, त्यांना एक माणूस आवडला. त्यांचाच तात्पुरता चिटणीस, पीटर फेगन. दोघांनी लग्न करायचे ठरवले. बातमी वर्तमानपत्रात फुटली, घरच्यांनी विरोध केला आणि ते लग्न मोडले. एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. हेलनबाईंना आलेले प्रत्येक छापील किंवा हस्तलिखित पत्र आधी दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाई, मगच त्यांच्या तळहातावर येई. प्रेमाचे असो, पैशांचे असो, रागाचे असो. ब्रेलमधले पत्र सोडले, तर त्यांच्यासाठी पाकिटबंद असे काही नव्हतेच. मला हे वाचताना गुरुजींचे पासबुक आठवले. ते भाचा वाचून दाखवी, भाचा नसला तर शेजारी. त्यांच्या खात्यात किती पैसे आहेत हे साऱ्या वाडीला ठाऊक असे.

यंत्रे येत होती. १९१२ मध्ये इंग्लंडमध्ये फोर्निए दाल्ब नावाच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने ऑप्टोफोन बनवला. पुन्हा तेच सेलेनियम. पहिल्या यंत्राने अंध माणसाला खिडकी कुठे आहे, उजेड कुठून येतो एवढे आवाजाने कळे. पुढच्याने छापील अक्षर वाचायचे ठरवले. ओळीवरून उजेडाचे ठिपके सरकत, प्रत्येक ठिपक्याचा सूर वेगळा. अक्षराचा आकार जसा, तसे सूर उमटत. प्रत्येक अक्षराची एक छोटी चाल. आमच्या गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते खूश झाले, त्यांना ते नोटेशन उलट वाजवल्यासारखे वाटले. मेरी जेम्सन नावाची एक अंध तरुणी ते शिकली आणि १९१८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात तिने लोकांसमोर वाचून दाखवले. तेव्हा वेग मिनिटाला जेमतेम एका शब्दाचा होता. पुढे सरावाने तिने तो साठपर्यंत नेला. पण मेरी जेम्सन एखादीच. बहुतेकांना तो सुरांचा गुंता सुटेना.

आणि हेलनबाईंना? त्यांना त्याचा काहीच उपयोग नव्हता. हा त्यांच्या आयुष्यातला विलक्षण पेच आहे. अंधांसाठीचे यंत्र बहुधा कानाशी बोलते, बहिऱ्यांसाठीचे डोळ्यांशी. जगातली सर्वांत प्रसिद्ध अंध स्त्री अंधांसाठीच्या यंत्रांच्या दाराबाहेरच उभी होती.

एकदा मात्र विजेच्या यंत्राने त्यांच्या हाताशी बोलणे केले, तेही अवचित. १९२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून रेडिओवर बेथोव्हेनची नववी सिंफनी लागली होती. घरातल्या कुणीतरी सुचवले म्हणून श्रवणयंत्राचे झाकण काढून त्यांनी आतल्या पातळ पडद्यावर बोटे टेकली. आणि त्यांना वाद्ये कळू लागली. तंतुवाद्यांची थरथर वेगळी, कर्ण्यांची वेगळी, ढोलांची वेगळी. शेवटी गायकवृंद उसळला तो त्यांना लाटांसारखा भासला. त्यांनी वाद्यवृंदाला पत्र लिहून हे कळवले. ते स्वर रचणारा बेथोव्हेन स्वतः बहिरा झाला होता, याची आठवण त्यांना झाल्यावाचून राहिली नाही. पुळ्याची गाज त्या डोंगरामागे ऐकताना मला त्या पडद्यावर टेकलेली बोटे आठवतात.

१९२४ पासून त्या अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी काम करू लागल्या. तिथेच १९३४ च्या सुमारास बोलकी पुस्तके तयार झाली. सावकाश फिरणारी मोठी तबकडी, एका बाजूला पाव तासाचे वाचन. बाजारात गाण्यांच्या लाँगप्ले तबकड्या आल्या त्याच्या चौदा वर्षे आधीची ही गोष्ट. हेलनबाई आधी यासाठी निधी मागायला तयार नव्हत्या. मंदीचे दिवस होते, लाखो लोक बेकार होते, अशा वेळी बोलके पुस्तक त्यांना चैन वाटली. शिवाय ज्यांना कान नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न त्यांच्याइतका कुणाला कळणार? पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांची बोटे ब्रेल शिकत नाहीत, त्यांना पुस्तक मिळायचे ते कानांनीच, हे पटल्यावर त्यांनी मत बदलले आणि थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे शब्द टाकला. ज्याचा आपल्याला कधीही उपयोग होणार नाही अशा यंत्रासाठी त्यांनी हात पसरले. मला त्यांच्या थोरवीची एवढी एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी पंप सांगणार नाही, ही सांगेन. आपल्याकडे मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने साठच्या दशकात बोलक्या पुस्तकांचे काम सुरू केले. गुरुजींनी मराठी कादंबऱ्या ऐकल्या त्या अशाच फितींवरून.

१९३६ च्या ऑक्टोबरात ॲन गेली. एकोणपन्नास वर्षांची सोबत. अखेरीला ॲनला जवळजवळ दिसेनासे झाले होते. लोकांना वाटले, आता हेलनबाई संपल्या. पण १९१४ पासून घरात असलेल्या पॉली टॉमसन यांनी त्यांचा हात धरला आणि पुढच्याच वर्षी दोघी जपानला गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करी इस्पितळांतून हिंडल्या, दृष्टी गेलेल्या जवानांच्या खाटांशी बसल्या. १९४६ मध्ये घराला आग लागली आणि ॲनवर लिहीत आणलेले चरित्र जळाले. त्यांनी ते पुन्हा लिहिले, १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये त्या हिरोशिमा आणि नागासाकीत जाऊन भाजलेल्या चेहऱ्यांवरून हात फिरवून आल्या.

त्या आंधळ्या झालेल्या जवानांमुळे यंत्रांना पुन्हा जोर आला. अमेरिकन सरकारने समिती नेमली, प्रयोगशाळांना पैसे दिले. वाचणारी यंत्रे झाली, उजेडाचा झोत टाकून अडथळा सांगणारी हातातली यंत्रे झाली. बरीचशी जड, मंद, हट्टी. वाचनयंत्रांवर काम करणाऱ्या हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या ध्यानात आले, की कृत्रिम सुरांची वर्णमाला कान भराभर पकडू शकत नाही, बोलणेच पकडतो. तिथले संशोधन मग बोलण्याच्याच अभ्यासाकडे वळले. आणि गंमत अशी, की त्याच युद्धाच्या काळात सर्वांत उपयोगी साधन निघाले ते एका इस्पितळात रिचर्ड हूवर यांनी बसवलेले, विजेशिवायचे. लांब, हलकी काठी, पावलागणिक डावी-उजवीकडे टेकत जाणारी.

हेलनबाईंच्या हातांची आठवण मात्र एका माणसाने ठेवली. नॉर्बर्ट वीनर, एमआयटीतले थोर गणिती. लहानपणी त्यांचे डोळे इतके अधू होते, की आठव्या वर्षी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद ठेवले होते. १९४९-५० च्या सुमारास त्यांच्या मंडळींनी एक ऐकणारा हातमोजा करून पाहिला. माणसाचा आवाज घ्यायचा, त्याचे खालपासून वरपर्यंत पाच पट्ट्यांत तुकडे करायचे आणि प्रत्येक पट्टी एकेका बोटावर थरथरवायची. हेलनबाईंनी तो हातात घालून पाहिला. सत्तरीच्या बाईंना क्षणभर काय वाटले असेल? पण प्रयोग पुढे सरकला नाही. मोजा प्रयोगशाळेतच राहिला, बाई आपल्या बोटांकडे परतल्या.

१९५५ मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेल्या असताना, त्या पॉलीबाईंना घेऊन पाच महिन्यांच्या आशिया दौऱ्यावर निघाल्या. दिल्लीत त्यांनी पंडित नेहरूंचा चेहरा बोटांनी पाहिला, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. मुंबईत त्या आल्या, तेव्हा इथे अंधांचे शिक्षण अर्धशतक जुने झाले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्येच मुंबईत शाळा काढली होती. पण अंध आणि बधिर अशा दोन्ही असलेल्या मुलांसाठी देशात एकही शाळा नव्हती. ती झाली १९७७ मध्ये, मुंबईतच, बेरोज वाच्छा यांच्या पुढाकाराने, हेलन केलर यांच्याच नावाने.

१९६० मध्ये पॉली गेल्या, १९६१ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी हेलनबाई घरात राहिल्या आणि १ जून १९६८ रोजी झोपेत शांतपणे गेल्या. वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये ॲन आणि पॉली यांच्या शेजारी त्यांच्या अस्थी आहेत.

आता जे सांगतो ते वाचून मी एक रात्र झोपलो नव्हतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी कँडी तिसऱ्या वर्षी अंध झाली होती. तिच्यासाठी त्यांनी एक यंत्र योजले. एका हाताने लहान कॅमेरा छापील ओळीवरून फिरवायचा. दुसऱ्या हाताचे बोट एका खाचेत ठेवायचे. तिथे एकशे चव्वेचाळीस बारीक टाचण्या थरथरून अक्षराचा आकार बोटावर उमटवतात. कुठलेही छापील पुस्तक, बिल, पत्र, जसेच्या तसे. ना सूर, ना कान, निव्वळ स्पर्श. त्याचे नाव ऑप्टाकॉन. ते बाजारात आले १९७१ मध्ये. हेलनबाई जाऊन तीन वर्षे झाली होती. सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या बोटांना साजेसे यंत्र अखेर आले, ते तीन वर्षे उशिरा. ऑप्टाकॉन शिकायला कठीण, महागही. १९९६ मध्ये ते बनवणेही बंद झाले. तोवर छापील पान मोठ्याने वाचणारी यंत्रे आली होती. त्यांतले पहिले, १९७६ चे कर्झवाइलचे, धुण्याच्या यंत्राएवढे होते. पण ती यंत्रे पुन्हा कानाशीच बोलणारी.

नव्वदच्या दशकात गुरुजींच्या परदेशातल्या एका शिष्याने त्यांना असेच एक यंत्र पाठवले. टॉर्चसारखे, कानाला न ऐकू येणारा आवाज फेकणारे. समोर काही असले की मुठीत थरथरे, जवळ जावे तसे जोरात. गुरुजींनी ते प्रदक्षिणेला आणले. भिंत सांगे, खांब सांगे, पुढचा माणूस सांगे. पायरी खाली उतरते आहे हे मात्र सांगत नसे. दोन दिवसांनी त्यांनी ते पेटीवर ठेवून दिले आणि काठी उचलली. मला वाईट वाटले. त्यांना वाटले नाही. ज्याने ते बनवले त्याने निदान आपला विचार केला, असे त्यांचे म्हणणे पडले.

ही गोष्ट मला टोचली, कारण मी त्यांना जे नाकारले त्याला सेलेनियम लागत नव्हते, बॅटरी लागत नव्हती. ते द्यायला यंत्र शोधायचे नव्हते. टेबलापलीकडच्या माणसाने सही पाहायची होती, आणि ती मी पाहिलीही होती.

४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक निघाले. अंध खातेदारांना चेकबुकासह साऱ्या सोयी भेदभाव न करता द्याव्यात. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. रजा काढून पुळ्याला आलो आणि शाखेतल्या सहकाऱ्यांकडून कागद पुरे करून चेकबुक गुरुजींच्या घरी घेऊन गेलो. ते चौसष्टचे झाले होते. त्यांनी चेकबुकावरून बोट फिरवले. नोटांवर तेव्हा बोटांना लागणाऱ्या खुणा आल्या होत्या, शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. चेकवर तसे काही नव्हते, बोटांना ते कोरेच. मग त्यांनी खिडकीचा पुठ्ठा मागवला. आणि मला दिसले, त्यांचा उजवा हात कापत होता. दोन वर्षांपासून कंपवात होता. पेन्सिल खिडकीबाहेर गेली. तीनदा प्रयत्न केला. वीस वर्षांपूर्वीची ती सही आता त्यांच्या हातात नव्हती.

हात चालत नसलेल्या खातेदारासाठी आमच्याकडे जुना नियम आहे. अंगठा घ्यावा आणि त्याला दोन साक्षीदार असावेत, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेचा अधिकारी दुसऱ्या दिवशी घरी आला. दुसरा साक्षीदार कोण, असे त्याने विचारले, तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे तोंड वळवले. ते हसत होते. चेक पुण्यात शिकणाऱ्या एका अंध मुलाच्या नावे होता, बोलणाऱ्या संगणकासाठी. शाई लावलेला अंगठा मी हातात धरून कागदावर टेकवला. तो थरथरत होता. मग मी खाली सही केली.

गुरुजी आता नाहीत. आज खिशातला फोन पान वाचतो, रिझर्व्ह बँकेचे २०२० चे मनी नावाचे ॲप नोट ओळखून सांगते. तो मुलगा पुण्यात नोकरी करतो, आपले पासबुक आपणच ऐकतो, आणि त्याच्या खात्यात किती आहे हे मला ठाऊक नाही. प्रदक्षिणेला गेलो की डोंगरामागे जिथे गाज मंद होते तिथे मी अजून थोडा थांबतो, आणि समुद्र पुन्हा मोठा होऊ लागला की चालू लागतो.